पूजेतले पान्हे

बसा पाव्हणं, बसा. त्या टायरवर नको, पाणी साचलंय त्यात. तो तेलाचा डबा बाजूला सारा अन् फळीवर टेका. पुण्याहून गाडी बघायला आलात, तर बघा, पोटभर बघा. विकायची का नाय ते मागाहून बोलू. आधी एक गोष्ट सांगतो, या गाडीचीच. ती ऐकली की माझं उत्तर तुमचं तुम्हालाच कळंल. मी मात्र उभ्यानं सांगणार. बसलो की माझे हात शिवशिवतात, अन् हात शिवशिवले की काहीतरी उघडलं जातं. आतून आमची मंडळी, सुलाबाई, पिशवी घेऊन बाहेर आली की गोष्ट असंल तिथं थांबंल, तेवढं धरून चला.

तर मी सावळीराम. ह्या मखमलाबादच्या शिवारात माझी फुलशेती, झेंडू अन् शेवंती. शाळा चौथीपर्यंत, तीबी मास्तर कंटाळले म्हणून. पण इंजिन दिसलं की मला राहवत नाय. विहिरीवरचं ऑइल इंजिन बाप गोणपाटानं झाकून ठेवायचा, तो जेवायला बसला की मी गोणपाट काढायचो. चालतं इंजिन मला बघवतच नाय म्हणा ना. वाटतं, चालतंय खरं, पण अजून जरा बरं चाललं असतं.

ही येझदी फटफटी मिळाली देवळाली कॅम्पातून. तिथं एक हवालदार होता, साताऱ्याकडचा. त्याच्या बायकोला माझी शेवंती लागायची, वेणीला. त्याची बदली निघाली आसामात. गाडी नेता येईना अन् कुणाच्याबी हाती द्यावीशी वाटंना. मला म्हणला, "सावळीराम, तू ने. तू हिला नीट ठेवशील." मी म्हणलं, "डोळ्यात तेल घालून ठेवीन साहेब." घरी आणली, इथंच पडवीत उभी केली, अन् त्याच दुपारी निम्मी सोडली.

का सोडली? गाडी होती डांबरी रस्त्याची. मला पाहिजे होती बांधावरनं जाणारी, ओढ्यातनं जाणारी, खडकावर चढणारी, अन् डांबरावरबी फुलांची पाटी घेऊन बाजारात पोचणारी. तसली गाडी तेव्हा आपल्याकडं कुठं मिळत होती! एका पेपरात परदेशातला फोटो बघितला होता. उंच मडगार्ड, वर उचललेला सायलेन्सर, चाकाला ट्रॅक्टरसारखी नक्षी. म्हणलं, हिलाच तशी करू. अन् घरीच करू. दुसऱ्याच्या हातात दिली की ती त्याची होती, आपली राहत नाय.

मग सुरू झालं सगळं. दोन्ही सायलेन्सर वर उचलले, ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून. पहिल्याच फेरीत सुलाची पोटरी भाजली. मग त्याच्यावर तिच्या किसणीचा पत्रा बसवला, गुळगुळीत बाजू वर करून. इंजिनाच्या पोटाला दगड लागू नये म्हणून खाली लोखंडी घमेलं कापून ठोकलं. ते बघा, अजून तेच हाय. मागं जास्त दात्यांचं चेनचक्र टाकलं, भद्रकालीतल्या भंगारातनं आणून. त्यानं पळायची कमी झाली, पण चढाला असं ओढायची की पुढचं चाक उचलावं. अन् हवा मोकळी मिळावी म्हणून हवेचा डबाच काढून टाकला, कारबुरेटरच्या तोंडाला चहाची गाळणी बांधली, सुतळीनं. वरनं बनियनच्या कापडाचा तुकडा. हसू नका. लय फरक पडला होता.

सुला काय म्हणायची ठाऊक हाय का? "माझ्या माहेरची भांडी चोरांनी नेली असती तर परत तरी आली असती. तुमच्या गाडीत गेली ती गेली."

पण गाडी तयार झाली, असं कधी झालंच नाय. शॉकअप बदलावं तर चेन ढिली पडायची. चेन आवळावी तर वाटायचं ब्रेक कमी लागतोय. ब्रेक सोडला की डोळा जायचा ठिणगीच्या पॉइंटवर. सकाळी फुलं बाजारात टाकून आलो की हिच्यापाशी उकिडवा. गाडी बाजारापुरती जुळायची अन् परत उघडायची. बाजाराच्या पुढं म्हणून ती कधी गेली नाय. मी म्हणायचो, "सुले, एवढं एक झालं की तुला फिरवून आणतो." ती म्हणायची, "कुठं?" मी म्हणायचो, "तू म्हणशील तिथं." एवढं एक काय कधी होईना.

आतून आवाज आला का? नाय ना. हां, मग ऐका.

सुलाचं माहेर सायखेड्याचं, गोदावरीच्या काठाचं. तिला एकच बहीण, थोरली, भागीबाई. तिला दिली पार पेठेकडं डोंगरात. नवरा आश्रमशाळेत स्वयंपाकी होता, तिथंच आंबेपाड्याला घर बांधून राहिली. तर सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला आम्हाला सायखेड्याला जायचं होतं. मी म्हणलं, येझदीवर जाऊ, झोकात जाऊ. आदल्या दिवशी क्लच जरा बघावा म्हणून उघडला. झालं! दुसऱ्या दिवशी आम्ही दुधाच्या टेम्पोत बसून गेलो, अन् पोचलो तेव्हा पानं उठली होती. सगळ्या भावकीसमोर भागीबाई उभी राहिली. बाई मोठी तोंडाळ. म्हणली, "सुले, तुझ्या नवऱ्यानं लोखंडाशी लगीन लावलंय. आईच्या पानालाबी तुला वेळेवर आणलं नाय."

सुला माझ्यावर कितीबी बोलंल, पण दुसऱ्यानं बोललेलं तिला खपत नाय. म्हणली, "आक्का, ती गाडी तुझ्या डोंगरावर चढून येईल."

"ती? माझ्या घाटाला?" भागीबाई हसली. "ज्या दिवशी तुझी गाडी माझ्या दारी चढून येईल, त्या दिवशी तुझ्याशी बोलेन. तोवर नको."

"येईन तर त्याच गाडीवर येईन," ही म्हणली.

झालं, तुटलं. दोघी एका आईच्या, दोघी तशाच. जीप जायची की आंबेपाड्याला. मी कितीदा म्हणलं, जीपनं जाऊन ये. ऐकंल तर शपथ! दर दिवाळीला फराळ करताना एक डबा वेगळा भरायची अन् मग आम्हीच खायचो. मी आपला पान्हा घेऊन म्हणायचो, "एवढं एक झालं की जाऊ." अशी वर्षं गेली पाव्हणं. तिकडं येझदीची कंपनीबी बंद पडली, पार्ट मिळायचे बंद झाले, अन् मला तर अजूनच काम लागलं.

मग एका साली, नवरात्र बसलेलं, फुलबाजारात पेठेकडचा एक माणूस भेटला. म्हणला, "भागीबाई चालली ना वापीला, पोराकडं. जयराम तिथं कारखान्यात लागलाय. घराला कुलूप लावून चालली. दसऱ्याच्या दुपारच्या जीपनं." मी घरी येऊन सांगितलं. सुला झेंडू तोडत होती. तिनं मागं वळूनबी बघितलं नाय. म्हणली, "दसऱ्याला सकाळी निघायचं." बस, एवढंच. पण हातातलं फूल तिनं पाटीत टाकायच्या ऐवजी जमिनीवर टाकलं, ते मी बघितलं.

आता माझ्या जिवाची काय घालमेल सांगू! दसरा म्हणजे झेंडूवाल्याची मान वर करायला सवड नसते. दिवसभर तोड, पाट्या भर, बाजार गाठ. अन् गाडीचं काय, तर चढाला ती मधेच दम खायची, ते मला नीट करायचं होतं. ठरवलं, नवमीला सगळा माल टाकून येऊ अन् संध्याकाळी कारबुरेटर उघडू, रात्रीपर्यंत होतंय.

नवमीला दिवेलागणीला घरी आलो तर देव्हाऱ्यासमोर पाट मांडलेला. पाटावर माझे सगळे पान्हे. घासून, पुसून, तेल लावून, ओळीनं. प्लगचा पान्हा, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, पार हवेचा पंप. बाजूला विळा, खुरपं, कात्री. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू.

खंडेनवमी! मी विसरलोच होतो. घरोघरची रीत वेगळी असंल, पण आमच्यात अशी हाय: खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली की उचलायची नाय. दसऱ्याला शीव ओलांडायची, आपट्याचं सोनं वाटायचं, अन् सोनं वाटून झाल्यावर मग हत्याराला हात. आजापासून चालत आलेलं.

मी म्हणलं, "सुले, प्लगचा पान्हा तेवढा मागं ठेवायचा होतास."

"का? तो काय हत्यार नाय?"

"अगं, उद्या घाट हाय. गाडी मधेच दम खाती."

"खाऊ दे. तुम्ही तिला हात लावला नाय तर ती जाईल. मला खात्री हाय."

"अन् बंद पडली तर?"

"तर तुम्ही बघालच की, हात बांधून."

मी रात्रभर कूस बदलत होतो. देव्हाऱ्यात समई, समईच्या उजेडात ते पान्हे चमकतायत, अन् मी लांबनं बघतोय. उपाशी माणसाला ताट दाखवावं तसं.

दसऱ्याच्या सकाळी गाडीची पूजा झाली. सुलानं जाड माळ केली होती, हाताएवढी जाड, आमच्याच मळ्यातल्या कलकत्ती झेंडूची. ती म्हणली, दिव्याला घालते. मी म्हणलं, दिवा झाकंल, हँडल वळताना अडकंल. मग तीच माळ टाकीवरनं घेऊन सीटच्या पुढं खाली सोडली, दोन्ही बाजूंनी. काय दिसत होती गाडी! नवरदेव झाला होता तिचा. सुलानं पिशवीत आपट्याची पानं घेतली, बहिणीसाठी लुगडं घेतलं, करंज्यांचा डबा घेतला. अन् मी आयुष्यात पहिल्यांदा पान्ह्याशिवाय गाडी बाहेर काढली. खिशात हात घातला की काहीतरी लोखंड लागायचं, त्या दिवशी नुसता रुमाल. मला तर उघड्यावर आंघोळ करतोय असं वाटत होतं.

पेठ रस्त्याला लागलो. किक मारली की तीच दांडी पुढं ढकलायची अन् तिचाच गियर होतो, ही येझदीची गंमत. पहिला, दुसरा, तिसरा. धबधब धबधब. सुला मागनं म्हणली, "किती छान चाललीय हो." मला आवाजात काहीतरी खरखर लागत होती. सावळघाट चढली. हां, चढली! घाटमाथ्यावर मला थांबून जरा बघावंसं वाटलं. सुला म्हणली, "थांबाल तर मी उतरणार नाय, बसूनच राहीन." नाय थांबलो.

पुढं डावीकडं आंबेपाड्याचा कच्चा रस्ता. रस्ता कसला, पावसानं धुतलेली वाट. लाल माती, मधे खोल चर, गोटे. बाजूला खुरासणी पिवळी फुललेली, नागली उभी. अन् गाडी, काय सांगू, बोकडासारखी उड्या मारत निघाली. खाली घमेल्यावर दगड वाजतायत टण्णटण्ण, सुलानं माझा सदरा घट्ट धरलेला. मला वाटलं, सगळी वर्षं वसूल झाली.

मग तिनं दम खाल्ला. आधी जरा, मग जास्त. मूठ पिळावी तर आवाज घोगरा. मागं पांढरा धूर, नुसतं लग्नातल्या चुलाणासारखा. अन् चढाच्या निम्म्यात, फट फट फस्स. बंद.

मी उतरलो. किक मारली. परत मारली. काय नाय. मी म्हणलं, "पॉइंट गेले." मग म्हणलं, "नाय, पिस्टनची रिंग हाय." मग म्हणलं, "क्रँकचं सील असणार, पूर्ण खोलावी लागंल." गाडीभोवती मी गोल गोल फिरतोय, हात पुढं जातात अन् मागं येतात. काय धरू हातात? पान्हे तिकडं देव्हाऱ्यात, कुंकू लावून बसलेले.

सुला दगडावर बसली होती. सूर्य डोक्यावरनं कलला होता. ती रस्त्याकडं बघत होती, वर, जिथनं दुपारची जीप खाली येणार. मग तिची नजर गाडीवर गेली. म्हणली, "अहो, माळ अर्धी कुठं गेली?"

"पडली असंल रस्त्यात."

"माझी ओवलेली माळ पडत नाय. दोरा शाबूत हाय. फुलंच नायत."

ती उठली, सीटखाली वाकली, अन् आत हात घातला. हात बाहेर काढला तो मूठभर झेंडू घेऊन. पाव्हणं, त्या मोकळ्या केलेल्या हवेच्या वाटेनं इंजिनानं ती माळ ओढून खाल्ली होती, पाकळी पाकळी. गाळणीवर झेंडूचा हा एवढा लगदा बसलेला. गाडीला श्वास घ्यायला जागाच नव्हती. सुलानं सुतळीची गाठ सोडली, गाळणी काढली, दगडावर आपटली, पदरानं पुसली, फुंकर मारली अन् म्हणली, "रोज सकाळी हेच करते मी. चहा झाल्यावर."

मी गाळणी परत बांधली. पण तोवर इंजिन पेट्रोल पिऊन तर्र झालं होतं, प्लग ओला. किकला दाद देईना. प्लग काढून पुसला असता तर झालं होतं. पण काढू कशानं?

तेवढ्यात ओढ्याकडनं एक गडी वर आला. वयस्कर, काटक. त्याचं नाव सहादू. ओढ्यावर त्याचं इंजिन होतं पाण्याचं. येऊन उभा राहिला, गाडीकडं बघितलं, माळेकडं बघितलं.

"काय भाऊ, गाडी हाय का म्हैस? चढ बघून बसली."

"बसली खरी," मी म्हणलं.

"आमचा रेडाबी असाच. पण त्याला आम्ही हार घालत नाय."

सुला हसली. अन् तिनं पिशवीतनं आपट्याची पानं काढून त्याच्या हातावर ठेवली. "सोनं घ्या बाबा. शीव ओलांडल्यावर तुम्हीच पहिले भेटले." म्हाताऱ्यानं पानं डोक्याला लावली, धोतराच्या सोग्यात बांधली. म्हणला, "आता मी काय देऊ बाई? हे घ्या, लागंल तुम्हाला." अन् त्यानं खांद्यावरनं इंजिनाचा पान्हा काढला. लांब दांड्याचा, मागंपुढं सरकणारा. प्लगला बरोबर बसला असता.

मी म्हणलं, "सुले! सोनं वाटलं! रीत सुटली!"

"अजून आक्काला द्यायचंय."

"वाटायला सुरुवात तर झाली ना?"

"तुम्हाला काय काढायचंय त्यानं?"

"फक्त प्लग."

ती माझ्याकडं बघत राहिली. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी मनातल्या मनात प्लग काढला होता, पुसला होता, अन् म्हणलं होतं, आता एवढं उघडलंच हाय तर हेड काढून कार्बन खरवडू, हेड काढलंच हाय तर रिंग बघू. हे सगळं तिला माझ्या तोंडावर दिसलं. रोज बघते ती.

"उचला," ती म्हणली. "खुशाल उचला. मी चालत जाते."

"अगं, पण त्याच गाडीवर येणार म्हणाली होतीस तू."

"व्हय. म्हणाले होते." तिनं पिशवी उचलली, डबा काखेत मारला, अन् चढाला लागली. मागं बघायचं नाव नाय. त्या लाल वाटेवर तिची पाठ अन् तिची ती लुगड्याची पिशवी, हलत हलत चाललेली.

सहादूच्या हातात पान्हा, तो माझ्या पुढं धरलेला. हात माझा तिथंच गेला होता. पकडलाच होता म्हणा. थंडगार लोखंड. अन् मग मी सोडला.

म्हणलं, "सहादू बाबा, हा ठेवा खाली. पुढं उतार हाय का कुठं?"

"त्या वळणापुढं ओढा हाय. तिथं उतरतं, मग परत चढ."

"मग लावा हात."

आम्ही दोघांनी ती गाडी ढकलली पाव्हणं. घमेल्यासकट, किसणीसकट. म्हातारा मधेमधे म्हणायचा, "रेडा परवडला भाऊ." वळण आलं. आणखी पेट्रोल शिरू नये म्हणून चावी बंद केली, मूठ पूर्ण पिळून धरली, दुसरा गियर टाकला, क्लच दाबला. उताराला लावली. सहादू मागनं पळतोय, "जय खंडेराव!" म्हणून ओरडतोय. ओढ्याच्या तोंडाशी क्लच सोडला. खाड! एकदा खोकली. पाण्यात शिरली. धूर काढला, परत खोकली, अन् मग असा आवाज सुटला की झाडावरचे बगळे उठले.

चावी उघडली, पण आता थांबायची सोय नव्हती. थांबली तर परत बसली असती. सुला समोर चढात दिसली. मी ओरडलो, "चालत्या गाडीवर बस! थांबता येत नाय!"

"वेड लागलंय का?"

"बस म्हणतो ना!"

तिनं एका हातानं साडी गुडघ्यापर्यंत खोवली, डबा माझ्या मांडीवर फेकला, अन् टांग टाकून बसली. दोन्हीकडं पाय सोडून! उभ्या जन्मात पहिल्यांदा. अन् मागनं माझ्या कानात म्हणली, "पिळा मूठ."

वर पाड्याची घरं दिसली अन् तिकडनंच जीप आली, खच्चून भरलेली, टपावर गाठोडी. रस्ता एवढासा. एका बाजूला दरड, एका बाजूला खाली भात. ती थांबली, मी थांबलो, अन् थांबल्याबरोबर येझदी बंद. समोरासमोर. पुढच्याच सीटवर भागीबाई, बाजूला तिचा जयराम.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. भागीबाई खाली उतरली नाय. तिथनंच म्हणली, "हीच का ती गाडी?"

"हीच," सुला म्हणली.

"बंद पडली."

"चढून पडली, आक्का. दारी येऊन पडली."

"दार तिकडं राहिलं. ही वेस हाय."

"मग मागं घे जीप. दारापर्यंत ढकलत नेते."

जीपमधली सगळी माणसं हसायला लागली. भागीबाई नाय हसली. सुलानं पिशवीतनं पानं काढली अन् जीपच्या दाराशी जाऊन हात वर केला. म्हणली, "सोनं घे." भागीबाईची मूठ मांडीवर, घट्ट. सुलाचा हात तसाच वर. मला वाटलं, आता काय घेत नाय ही. जयराम म्हणला, "आई, वापीची गाडी चुकंल." ड्रायव्हर म्हणला, "बाई, सोनंनाणं मागनं बघा, आधी ते धूड बाजूला करा, मला जायचंय."

भागीबाई त्याच्यावर फिरली. "धूड? माझ्या बहिणीची गाडी हाय ती!"

अन् उतरली. पानं घेतली, कपाळाला लावली, चोळीत खोवली. मग पदर कमरेला बांधला अन् म्हणली, "सुले, तू तिकडनं लाव. दाजी, तुम्ही नुसतं धरा हँडल, काय उघडू नका." ड्रायव्हरनं मुकाट जीप मागं घेतली, अन् दोघी बहिणी मागनं गाडी पाड्याकडं ढकलायला लागल्या. ढकलता ढकलता भांडत होत्या. आईच्या श्राद्धाचं काय, दिवाळीच्या फराळाचं काय, सगळं काढलं. गाडी सुरू झाली तरी त्यांचं चालूच. शेवटी लुगडं दिलं, डबा दिला. जीपमध्ये चढताना भागीबाईनं किसणीच्या पत्र्यावर हात ठेवला, भाजला, शिवी दिली, अन् म्हणली, "दाजी, मी परत येईन तेव्हा मला न्यायला हीच गाडी आणायची. रिक्षा आणली तर आल्या पावली वापीला परत जाईन."

तर पाव्हणं, ती आज येतेय. एवढ्या वर्षांनी, कायमची. जयरामचा कारखाना बंद झाला, तो कामाला आणखी पुढं गेला. पहाटे शेजारच्या मोबाईलवर फोन होता. वापीची एसटी पेठ नाक्याला लागंल आता कोणत्याबी घडीला. अन् मी सकाळी उठून म्हणलं, जरा कारबुरेटर बघून घेऊ, एवढं एक काम. उघडलाबी असता. पण पान्ह्यांचा डबा बघायला गेलो तर डबा देव्हाऱ्यात. पाटावर पान्हे ओळीनं, हळदकुंकू लावून. आज ना दसरा ना नवमी! त्या वर्षापासनं ही तसंच करते. तिला वाटलं की मी थांबावं, की ती हत्यारं पूजेला बसवते. आता कुंकू लागलेल्याला मी हात कसा लावू?

किक सकाळपासनं मारतोय. दाद देत नाय. प्लग ओला असणार.

आली बघा, पिशवी घेऊन आली. हो हो, निघालो, निघालो! ही पेट्रोलची चावी बंद केली. हा दुसरा गियर. पाव्हणं, तो चांगला सदरा जरा कोपरापर्यंत सारा, इथनं रस्त्यापर्यंत उतार हाय. तुम्ही मागनं डावीकडनं लावा, सुला उजवीकडनं लावंल. किसणीला तेवढा हात लावू नका. अन् मी म्हणंपर्यंत सोडू नका, इंजिन धरत नाय तोवर पळत राहा. हां. ढकला.